आनंद होतो का?

फाल्गुन सरत आला की पुण्यातल्या मध्यमवर्गीय माणसावर दोन मार्चअखेरी एकदम कोसळतात. एक बँकेतली, दुसरी माळ्यावरची. बँकेतली निदान एकतीस तारखेला संपते. माळ्यावरची वाळवणांच्या आत संपावी लागते. कारण कुरडयांना सोऱ्या हवा, सोऱ्या माळ्यावर, आणि माळ्यावर पाऊल ठेवायला जागा नाही.

यंदा या कामाला शास्त्राधार मिळाला. मुलीच्या टेबलावर मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक सापडलं. 'द लाइफ-चेंजिंग मॅजिक ऑफ टायडिंग अप' हे त्याचं इंग्रजी नाव. अमेरिकेत ते २०१४ साली निघालं आणि २०१९ साली नेटफ्लिक्सवर बाईंची मालिकाही आली. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, पुस्तकावर मत देण्याचा मला काही अधिकार नाही. पण माळा माझा आहे, तेव्हा देतो.

बाईंचं शास्त्र सोपं आहे. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग किरकोळ सामान आणि शेवटी आठवणींच्या वस्तू. एका जातीचं सगळं एकदम जमिनीवर ओतायचं, एकेक वस्तू हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, आनंद होतो का? होत असेल तर ठेवा, नसेल तर आभार मानून निरोप द्या.

यातलं ओतणं मला पटलं. लग्नामुंजीत मिळालेल्या एकोणीस कापडी पिशव्या एका जागी पाहिल्याशिवाय माणसाला शरम वाटत नाही, हे बाईंनी अचूक ओळखलंय. आभारांचंही नवल नाही. खंडेनवमीला आम्ही पान्यालासुद्धा हळदकुंकू वाहतो. फक्त नंतर त्याला घराबाहेर काढत नाही.

घोडं अडतं ते आनंदापाशी. आमच्याकडे पूर्वी कपड्यांचा निकाल बोहारीण लावायची. दारात बसून आईची साडी उजेडात धरायची, विरलेल्या जागी बोट घालून दाखवायची आणि म्हणायची, "एवढ्यात डबा नाही येत ताई, साहेबांची एक पँट टाका." प्रश्न आनंदाचा नसून पँटचा होता. जेवढं बाहेर जाई तेवढं स्टीलच्या रूपाने आत येई, हे कबूल. पण निकाल करायला समोर दुसरं माणूस असायचं. कोंडोबाईंच्या कोर्टात मीच वकील, मीच न्यायाधीश आणि स्वेटर आरोपी. स्वेटर दर वेळी निर्दोष सुटतो.

कागदांबाबत बाई फारच कडक. मुळात सगळे टाकायचे असं धरूनच बसायचं. इथे माझ्यातला कारकून दुखावला. बँकेनं कोणते कागद पाच वर्षं आणि कोणते आठ वर्षं जपावेत, याचे १९८५ सालचे नियम आहेत. कागदानं कुणाला आनंद झाल्याचं मी पाहिलेलं नाही. कागद नाही म्हणून रडवेली झालेली माणसं मात्र काउंटरपलीकडे नेहमी बघतो.

घरातल्या दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावू नका, हेही बाई सांगतात. लहानपणी घरच्यांच्या वस्तू गुपचूप टाकून त्यांनी बोलणी खाल्ली होती. सल्ला चांगला आहे, पण माळ्यावर 'स्वतःचं' असं काय असतं?

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून एक पितळी पातेलं निघालं. काळं पडलेलं, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, आणि ते आमच्यातल्या कुणाचंच नाही. मी ते बाबांपुढे नेलं.

"बाबा, हे हातात घ्या आणि सांगा, आनंद होतो का?"

बाबांनी चष्मा वर केला. "आनंद कसला? आपलं कुठाय ते?"

मग निघालं ते असं. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. बाबा तेव्हा सोळा वर्षांचे. नदीजवळ भाड्याच्या दोन खोल्या. नदीनं एका दिवसात घर असं आवरून दिलं, की कोंडोबाईंनी हात जोडावेत. पाणी ओसरल्यावर आजी चिखलात आपली भांडी शोधत होती. आपलं एक मिळालं नाही, हे मिळालं. तिनं ते राखेनं घासलं, पण चुलीवर कधी चढवलं नाही. ज्याचं आहे तो येईल, म्हणायची.

"साठ वर्षं होऊन गेली, बाबा."

"मग? तुमच्या बँकेत काय करता?"

मी गप्प बसलो. दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण खातेदार किंवा त्याचा वारस पुढे कधीही उगवला, तरी ती द्यावी लागते.

माझी पुस्तकाविषयीची तक्रार हीच आहे. घरात जे जे आहे ते सगळं मालमत्तेच्या बाजूला मांडायचं, असं बाई धरून चालतात. ताळेबंदाला दुसरीही बाजू असते. आमच्या माळ्यावर निम्मं देणं पडलंय, आणि देणं माफ करणं धनकोच्या हाती असतं, ऋणकोच्या नाही. तो गालिचावर बसून स्वतःला कितीही प्रश्न विचारो.

बाईंवर राग मात्र नाही. तिसऱ्या मुलानंतर घर आवरणं आपण जरा सोडूनच दिलंय, असं त्यांनी २०२३ च्या जानेवारीत सांगून टाकलं, तेव्हा तर त्या आमच्याच वाड्यातल्या वाटल्या.

पातेलं चिंच लावून घासलं आणि बाबांच्या देखत परत माळ्यावर गेलं. पुस्तक मी रद्दीत घालणार होतो. पहिलं पान उघडलं, तर कोपऱ्यात निळ्या शाईत मुलीच्या मैत्रिणीचं नाव. ती बंगळूरला गेली त्याला दोन वर्षं झाली. सध्या पुस्तक पातेल्यात आहे.