सुपें कीं सुपा ? : कुलवृत्तान्तांतील ग्रामनामें

कुलवृत्तान्तांत मूळ गांवाचें प्रकरण सर्वांत हौसेनें लिहिलेलें असतें, आणि बहुधा तेंच सर्वांत कच्चें असतें. आडनांवांतील ‘कर’ सोडविला, नकाशांत तशा नांवाचें गांव सांपडलें, कीं शोध संपला. पुढें त्या गांवाचें दैवत व वतनही कुळास चिकटतें. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांपुरतें पाहिलें तरी ही पद्धति किती फसवी आहे हें कळून येईल.

शहाजीराजांच्या जहागिरींतील सुपें घ्या. १८८५ च्या इंग्रजी गॅझेटियरांत तें ‘सुपा’ झालें. चूक अकारण नव्हे. ‘सुप्याचा’, ‘सुप्याहून’ हीं रूपें ऐकणाऱ्या परक्यास मूळ शब्द सुपाच वाटणार. पण पारनेर तालुक्यांतही सुपा आहे. म्हणून रुमालास रोमन लिपींत ‘सुपा’ एवढीच चिठ्ठी लावणारा संग्राहक पुढील अभ्यासकास दोन जिल्ह्यांच्या मध्यें उभा करून ठेवतो. खुणांवांचूनच्या रोमन लिपींत न-ण, ल-ळ हे भेद बुडतात. मोडी इकार-उकारांचें ऱ्हस्वदीर्घत्व राखीत नाहीं. च-जांचे दोन उच्चार तर बाळबोधींतही एकाच अक्षरानें लिहावे लागतात. उच्चार त्या त्या गांवीं जाऊनच ऐकला पाहिजे. आयर्लंडच्या मोजणींत १८३० च्या दशकांत जॉन ओ’डोनोव्हन यानें हेंच केलें. तेथील इंग्रजी ‘बॅली’ बहुधा ‘वस्ती’ या अर्थाच्या शब्दापासून आली, परंतु बॅलिना या नांवांत ती ‘नदी-उताराचें मुख’ आहे. नुसत्या इंग्रजी अक्षरांवरून हें कोणास कळावें ?

‘कर’ प्रत्ययाचीही तीच गत. एकाच बारामतींत बाबूजी नाईक जोशी ‘बारामतीकर’ झाले. त्यांच्या आश्रयास आलेले मोरोपंत (१७२९–१७९४) जन्मानें पन्हाळ्याचे. त्यांचें आयुष्य बारामतींत गेलें, तरी ते पराडकरच राहिले.

बारामतीचें ‘बारा’ आणि ‘मती’ असे दोन तुकडे करून अर्थ लावणाऱ्यांविषयीं न लिहिलेलेंच बरें. शब्द तोडणें म्हणजे पुरावा नव्हे.

खरा आधार कागदांतच असतो. मौजे कीं कसबा, आणि परगणा कोणता, हीं अक्षरें नक्कल करितांना गाळूं नयेत. फलटणजवळील निंबळक गांवावरून निंबाळकर हें आडनांव पडलें, आणि त्या आडनांवावरून बारामती तालुक्यांतील वडगांव ‘वडगांव निंबाळकर’ झालें; येथें नांव गांवाकडून कुळाकडे जाऊन पुन्हा दुसऱ्या गांवाकडे आलें आहे. परगणा न पाहतां हा प्रवास उलटा वाचणारे वृत्तान्तकार थोडे नाहींत.