‘अ किंग्ज स्टोरी’ बघताना: स्रोत कोण, आणि बोलतोय कधी?

संदर्भ म्हणून माहितीपट वापरायचा विचार असेल, तर १९६५ चा ‘अ किंग्ज स्टोरी’ एकदा बघाच. आठव्या एडवर्डने गादी सोडली त्याची ही गोष्ट. दिग्दर्शक हॅरी बूथ, निवेदन ऑर्सन वेल्सचं. आणि मुख्य साक्षीदार? खुद्द एडवर्ड, म्हणजे तेव्हाचे ड्यूक ऑफ विंडसर.

इथेच थांबा. आपल्या भाषेत हा ‘सेल्फ-रिपोर्टेड डेटा’ झाला. माणूस स्वतःबद्दल सांगतोय, तेही घटनेनंतर जवळपास तीस वर्षांनी. शिवाय पटाचा पाया आहे १९५१ चं त्यांचंच आत्मचरित्र, आणि तेही एका पत्रकाच्या मदतीने लिहिलेलं. म्हणजे पुस्तक आणि पट हे दोन स्वतंत्र पुरावे नाहीत, एकाच नमुन्याची दोन रीडिंग्ज आहेत. प्रबंधात दोन्ही शेजारी ठेवून ‘दुजोरा मिळतो’ असं लिहिलंत, तर परीक्षक सोडणार नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. आत्मचरित्र डिसेंबर १९३६ ला थांबतं, आणि पटाची कथाही त्याच वळणावर संपते. आलेख नेमका सोयीच्या बिंदूवर कापला की वक्र फार सुंदर दिसतो! प्रेमासाठी राज्य सोडलेला राजा, पडदा. पण ऑक्टोबर १९३७ मध्ये हेच ड्यूक जर्मनीला जाऊन हिटलरला भेटले, आणि युद्धकाळातल्या त्यांच्याविषयीचे जर्मन कागद १९५७ मध्ये छापून आले होते. पट त्यानंतरचा आहे, त्यामुळे ‘तेव्हा माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. सरकारच्या बाजूचे कागद मात्र खरंच बंद होते. राज्यत्यागाच्या बऱ्याच फायली २००३ मध्ये खुल्या झाल्या. हा दोष मी पटावर टाकणार नाही.

आपल्याकडचाही एक धागा आहे. १७ नोव्हेंबर १९२१ ला हे युवराज म्हणून मुंबईत उतरले, त्या दिवशी शहरात बहिष्कार होता, विदेशी कपड्यांची होळी झाली, दंगल पेटली आणि गांधीजींनी उपोषण केलं. राजपुत्राच्या दौऱ्यांची कोणतीही जुनी फिल्म बघताना, कॅमेरा कुठल्या रस्त्यावर उभा होता हे विचारायची सवय लावून घ्या.

मग पट टाकाऊ आहे का? अजिबात नाही. म्हातारपणाकडे झुकलेला माणूस आपला निर्णय कसा मांडतो, कुठे अडखळतो, कुठे सराईतपणे पुढे सरकतो, हे कुठल्याही फायलीत मिळत नाही. फक्त हा पुरावा १९६५ चा आहे, १९३६ चा नाही. त्यामुळे लिहिताना ‘राजाला १९३६ मध्ये असं वाटत होतं’ असं नको. ‘ड्यूक यांनी १९६५ च्या पटात असं सांगितलं’ असं लिहा, आणि बॉल्डविन सरकारची बाजू दुसरीकडून शोधा.