रणांगणावरील रेडिओ : आवाजापासून माहितीजालापर्यंत – एक चिकित्सा

प्रस्तावना :

आर्थर सेब्रोव्स्की (अमेरिकी नौदल) आणि जॉन गार्स्टका यांनी १९९८ मध्ये ‘जालकेंद्री युद्धा’ची संकल्पना विस्ताराने मांडली. रणगाडा, जहाज वा विमान यांपेक्षा त्यांना जोडणारे जाळे महत्त्वाचे, हे तिचे सूत्र होय. सर्वांना समान माहिती मिळाल्यास निर्णय जलद होतील व लढाऊ सामर्थ्य वाढेल, असे तिचे गृहीतक आहे. रेडिओच्या वाटचालीच्या आधारे या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पायदळाचा एससीआर-३०० हा पाठीवरील संच सुमारे १६ किलो वजनाचा होता व त्याचा पल्ला साधारणतः ५ किलोमीटर होता. त्यावरून केवळ आवाज जाई. परंतु त्याबरोबर बोलणाऱ्याची घाई, भीती व साशंकताही पोहोचत असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘सिंगार्स’ संचाने सेकंदाला शंभराहून अधिक वेळा वारंवारता बदलून शत्रूच्या जॅमिंगवर उपाय शोधला. त्यावरून डेटाही पाठविता येई. मात्र २५ किलोहर्ट्झच्या अरुंद वाहिनीमुळे त्याचा वेग मर्यादित राहिला. छायाचित्रे पाठविण्यास रुंद पट्टा लागतो. तो प्रामुख्याने उच्च वारंवारतांवर मिळतो आणि तेथे टेकड्या, झाडी व इमारतींचा अडथळा वाढतो. ही मर्यादा निसर्गनियमांची आहे. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संचांनी अनेक जुन्या संचांची जागा घ्यावी, यासाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘जेटीआरएस’ प्रकल्पातील वाहनांवरील संच ऑक्टोबर २०११ मध्ये रद्द करावा लागला, यामागे हीच गुंतागुंत अंशतः दिसते.

२००३ च्या इराक युद्धात ‘ब्ल्यू फोर्स ट्रॅकर’मुळे स्वकीय तुकड्या पडद्यावर दिसू लागल्या. दिशाभूल टळण्यास त्याची मदत झाली, हे मान्य करावे लागते. तथापि एप्रिल २००३ मध्ये करबलानजीक युफ्रेटिसवरील पूल ताब्यात घेणाऱ्या लेफ्टनंट कर्नल अर्नेस्ट मार्कोन यांच्या तुकडीला मोठ्या इराकी प्रतिहल्ल्याची पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही. कारण उघड आहे : आपले वाहन स्वतःची जागा कळविते, शत्रू कळवीत नाही. त्याचे चिन्ह कोणीतरी पाहून नोंदवावे लागते.

निष्कर्ष :

जालाने माहितीचा वेग वाढविला, परंतु अज्ञान नाहीसे केले नाही. पडद्यावरील रिकामी जागा ‘शत्रू नाही’ असे सांगते की ‘ठाऊक नाही’ असे, हा भेद चिन्हांतून कळत नाही. आवाजातील साशंकतेतून तो कळू शकत असे. म्हणून डेटा हा आवाजाचा पर्याय न मानता पूरक मानणे अधिक युक्त ठरते.