कोनचा सायकलस्वार कोण?

मंडळी, आजचा विषय आहे नवं उद्यान आणि सायकलमार्ग, आणि जागा आहे कोन. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर लागतं ते गाव. 2011 च्या जनगणनेत शहर म्हणून मोजलेलं, पण कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे गर्दी शहराची आणि तिजोरी गावाची!

इथे बाग, खाडीकाठानं सायकलची वाट, असा आराखडा कागदावर कुणीही काढला तरी सुंदरच दिसेल. आमचा आक्षेप त्या चित्रावर नाही, चित्रातल्या सायकलस्वारावर आहे. तो नेहमी सकाळी हवा खायला निघालेला असतो. डोक्यावर हेल्मेट, एक फेरी मारायची आणि घरी परत. या पट्ट्यात मात्र सायकल असते ती यंत्रमागाच्या पाळीला किंवा गोदामात निघालेल्या कामगाराकडे. त्याला फेरीचं काय? त्याला घरापासून कामापर्यंतचा रस्ता हवा, आणि तो रस्ता म्हणजे ट्रक-कंटेनरनी भरलेला कल्याण-भिवंडी रस्ता. रात्रपाळी सुटली की त्यावर उजेड हवा, चौकात थांबायला जागा हवी, पंक्चर काढणारा जवळ हवा. खाडीकाठच्या कारंज्यावाचून त्याचं काही अडत नाही.

इथे वांद्रे-कुर्ला संकुलाची आठवण काढावी लागते, कारण नियोजन करणारी संस्था तीच. भिवंडीच्या आसपासच्या 60 गावांसाठी 2007 पासून एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे, आणि त्यांत कोन येतं. याच एमएमआरडीएनं 2011 च्या सुमारास त्या संकुलात जवळपास 13 किलोमीटरचे सायकलमार्ग केले. झालं काय? त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. पुढे 2025 मध्ये ते काढून मोटारींची मार्गिका वाढवायचं ठरलं. लोक सायकल चालवत नाहीत, असा निष्कर्ष यातून सोयीनं काढला जातो. आम्हाला तो मान्य नाही. ते मार्ग संकुलाच्या आतच फिरत राहिले. कुर्ला किंवा वांद्रे स्थानकावर उतरलेल्या नोकरदाराला सायकलनं कचेरीच्या दारापर्यंत सलग नेईल, अशी जोडणी झाली नाही.

खाडीकाठाचा मोह असेल तर पवईकडेही पाहावं. तलावाच्या काठानं मुंबई महापालिका जो सायकलमार्ग बांधत होती, तो उच्च न्यायालयानं 6 मे 2022 रोजी बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. कोनजवळची उल्हास ही भरती-ओहोटीची नदी आहे. तिथे भराव टाकून बाग करणं म्हणजे पाण्याची जागा अडवणं, आणि पावसाळ्यात ते पाणी कुणाच्या घरात शिरणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग बाग कुठे? खरी मेख इथेच आहे. आराखड्यात हिरवा रंग दिला म्हणजे बाग झाली असं नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याचं कलम 127 असं आहे की, आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. जिथे गोदामाला जागा कमी पडते, तिथे मालक ही नोटीस विसरेल कशाला? त्यामुळे बागेचा आराखडा बघायला बोलावलं, तर आपण कारंजं आणि बाकं बघत बसू नये. सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि संपादनाला पैसे कुठल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आहेत, ते आधी विचारावं.

सायकलचं म्हणाल, तर संधी समोरच आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 च्या नकाशात कोनगाव स्थानक आहे. मेट्रोच्या कामासाठी रस्ता उकरायचाच आहे. पुन्हा बांधताना दोन्ही कडांना, वाहनांपासून उंच कठड्यानं वेगळी अशी सलग सायकलवाट सोडावी, आणि स्थानकाखाली सायकल कुलपात ठेवायची सोय करावी. हे खांब उभारण्याआधी ठरलं तर स्वस्त पडतं. नंतर रस्त्याची रुंदी मागायला गेलो, की आधी ट्रकवाले येतात, मग दुकानदार येतात, आणि सायकलवाला त्या वेळी पाळीवर असतो.