गाडी पुढे, पिंजरा मागे

अंधार पडल्यावर सामानाची गाडी दाराशी येते. भाडं थकलेलं आहे, त्यामुळे रातोरात गाशा गुंडाळायचा आहे. नवरा-बायको मिळून संसार गाडीत कोंबतात. आत मावेल तेवढं आत जातं, उरलेलं किडूकमिडूक मागच्या फळीवर चढतं आणि शेवटी बायकोलाच बसायला जागा उरत नाही. नवरा तिला मागोमाग चालत यायला सांगतो, वर टंगळमंगळ करू नकोस अशी ताकीदही देतो. लिनेट पक्ष्याचा पिंजरा घेऊन ती निघते, आणि व्हायचं तेच होतं. गाडी दिसेनाशी होते आणि ही वाट चुकते.

चार्ल्स कॉलिन्स आणि फ्रेड ली यांचं ‘डोन्ट डिली डॅली ऑन द वे’ हे १९१९ सालचं गाणं एवढ्याच कथेवर उभं आहे. ब्रिटनच्या म्युझिक हॉलमध्ये ते गाजवलं मारी लॉइडने. दारूच्या गुत्त्यांमधल्या गाण्याच्या बैठकींतून वाढलेलं हे रंगमंच-जग. चार्ल्स मॉर्टनने १८५२ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात ‘कँटरबरी हॉल’ उघडला, तेव्हापासून त्याला स्वतःचं छप्पर मिळालं. त्या छपराखाली हजारो गाणी आली आणि गेली. हे गाणं का टिकलं, ते त्याची कडवी ओळीने ऐकल्यावरच उमगतं.

पहिल्या कडव्यातली एक गोष्ट कानाआड होऊ देऊ नये. असं बिऱ्हाड हलवणं या जोडप्याने पूर्वीही अनेकदा केलेलं आहे, आणि बाई ते सहज सांगून जाते. सवयीचं झालेलं दुःख माणूस असंच सांगतो. १९१९चं इंग्लंड महायुद्धातून नुकतं बाहेर आलं होतं. घरांची तीव्र टंचाई होती. भाडेवाढीविरुद्ध ग्लासगोत १९१५ साली मोठा संप होऊन सरकारला भाडं बांधून देणारा कायदा करावा लागला होता. तेव्हा समोर बसलेल्या अनेकांना ती गाडी कथेतली वाटली नसणार. आपल्याच गल्लीतली वाटली असणार.

दुसऱ्या कडव्यात सामान दिसू लागतं. हात-तोंड धुण्याचं संगमरवरी माथ्याचं टेबल आहे, चिनी मातीचं भांडं आहे. अब्रूने राहू पाहणाऱ्या घरातल्या या वस्तू. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं नेमकं गाडीवानाच्या हातून फुटतं. बाई चिडते, पण दोघांत वाटून घेतलेला एक पेला आणि चार गप्पा यांवर तिचा राग निवळतो. कवीने किती अलगद काम केलं आहे पाहा: ती वाट का चुकली, याचं उत्तर त्या पेल्यात आहे. ते उलगडून सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला उमगतं आणि तो हसतो, पण त्या हसण्यात दोषारोप नसतो.

मग ध्रुपद. ‘डिली डॅली’ हा आपल्या ‘टंगळमंगळ’सारखा जोडशब्द. ध्रुपदात तो फोडून आधी सुलट आणि मग उलट फिरवला आहे. दोन पावलं पुढे, दोन मागे, असं तिचं भरकटणं शब्दांच्या क्रमातच उतरतं. चाल पावलं टाकण्याजोगी, तोंडात लगेच बसणारी. कडवं एकटीचं असतं, ध्रुपद सगळ्या सभागृहाचं. एकटी हरवलेली बाई ध्रुपदाशी येते तेव्हा शेकडो गळे तिच्यासोबत चालू लागतात. मारी लॉइडच्या निधनानंतर कवी टी. एस. एलियट यांनी लिहिलेल्या लेखात हेच मर्म टिपलं आहे: तिच्या ध्रुपदात सूर मिसळणारा कामकरी प्रेक्षक स्वतःच त्या कलेचा वाटेकरी होता.

तिसरं कडवं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नवा पत्ता तिला ठाऊक नाही, वस्तीसुद्धा ठाऊक नाही. आपली काही तक्रार नाही म्हणते, पण भोवळ येते आहे, पोटभर जेवण हवं आहे. आणि मग विनोदाचा कळस: लवकर काही मिळालं नाही, तर लिनेटच्या दाण्यांवरच डल्ला मारावा लागेल! सभागृह हसून कोसळावं अशी ही जागा. पण त्या हसण्याच्या तळाशी खरी भूक आहे.

याच्या शेजारी अल्बर्ट शेव्हालिएचं १८९२चं ‘माय ओल्ड डच’ ठेवून पाहावं. चाळीस वर्षं साथ दिलेल्या सहचारिणीवरचं ते हळवं प्रेमगीत. शेव्हालिए ते रंगमंचावर निराधारांच्या वर्कहाउसच्या दाराचा देखावा मागे ठेवून गात असे, कारण वर्कहाउसमध्ये नवऱ्याला एका दारातून आणि बायकोला दुसऱ्या दारातून आत धाडत. दोन्ही गाण्यांत गरिबीच जोडप्याची ताटातूट करते. एक गाणं डोळ्यांत पाणी आणतं. दुसरं त्या बाईला कीव मागू देत नाही, तिची ऐट शाबूत ठेवतं. मला दुसरं अधिक अवघड वाटतं.

ते मारी लॉइडलाच जमावं. लंडनच्या हॉक्स्टन या कष्टकरी वस्तीत १८७० साली ती जन्मली. स्वतः भरपूर कमावत असूनही १९०७च्या म्युझिक हॉल संपात ती कमी पगाराच्या कलावंतांच्या बाजूने उभी राहिली. भाडं थकवणाऱ्या बाईची भूमिका तिने वरून खाली पाहत केली नाही. ऑक्टोबर १९२२मध्ये एडमंटनच्या रंगमंचावर, एका पियक्कड बाईचं गाणं गाताना ती आजारपणाने खरोखर झोकांड्या खात होती. लोकांना तो अभिनय वाटला, ते हसत राहिले. तीन दिवसांनी ती गेली.

आज या गाण्याचं ध्रुपद अनेकांना पाठ आहे, कडवी फारशी कुणी गात नाही. म्हणून तिसऱ्या कडव्यापर्यंत एकदा तरी जावं. तिथे रात्र झालेली आहे, घर सापडलेलं नाही, पोट रिकामं आहे. दाण्यांची नुसती धमकीच आहे. पिंजरा तिने अजून खाली ठेवलेला नाही.