कोकम कुठल्या कप्प्यात? ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ वाचताना

औषधी वनस्पतींवर पीएचडी करायचं मनात असेल, तर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हे नाव तुमच्यासमोर येणारच. मुंबईचे विल्यम डायमॉक, कलकत्त्याचे सी. जे. एच. वॉर्डन आणि उटकमंडचे डेव्हिड हूपर या तिघांनी मिळून लिहिलेल्या या ग्रंथाचे तीन खंड १८९० ते १८९३ या काळात बाहेर आले. आपण त्यातलं एखादं वाक्य उचलतो, संदर्भ टाकतो आणि पुढे जातो. आज जरा थांबू आणि त्याची मांडणी तपासू. उदाहरण सिंधुदुर्गातलंच घेऊ : कोकम.

आधी ग्रंथाचं श्रेय. त्या काळी औषधी द्रव्यांची पुस्तकं बऱ्याचदा अकारविल्हे लावलेली असत. या तिघांनी वनस्पतींच्या कुळांचा क्रम घेतला. शिवाय प्रत्येक नोंदीत स्थानिक नावं, इतिहास, उपयोग, वर्णन, रासायनिक घटक आणि व्यापार असे भाग ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली द्रव्य कसं दिसतं तेही जागोजागी दिलं. बाजारात ते कुठून येतं हे लिहिणं तर फारच मोलाचं. आजच्या कितीतरी शोधनिबंधांत ते नसतं.

आता अडचण बघा. या मांडणीत एकक आहे वनस्पती. कोकम ‘गटिफेरी’ कुळाखाली येतं, ज्याला आज क्लुसिएसी म्हणतात. पण मालवणच्या घरात झाड वापरत नाहीत, द्रव्यं वापरतात. सालीची सोलं होतात, रसात मीठ घालून आगळ होतं, बियांपासून घट्ट तेल निघतं आणि ते पायाच्या भेगांना लावतात. सोलांत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, तेलात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी द्रव्यं झाली. म्हणूनच आजची फार्माकॉग्नसीची पुस्तकं कोकमतेल ‘लिपिड’ या प्रकरणात टाकतात. कुळाच्या कप्प्यात मात्र दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मथळा लॅटिन नावाचा, आणि त्याखाली ‘इतिहास’. अशी रचना वाचली की वाटतं, जुने ग्रंथकार याच वनस्पतीबद्दल बोलत होते. मग आपण प्रबंधात बिनधास्त लिहितो : वृक्षाम्ल म्हणजे गार्सिनिया इंडिका. हे समीकरण बरेच अभ्यासक मानतात. पण ते जुन्या ग्रंथात लिहिलेलं नाही, नंतरच्या लोकांनी जुळवलेलं आहे.

वृक्षाम्ल कुठे कुठे बसवलंय ते पाहा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या चौथ्या अध्यायात ५० महाकषाय आहेत, प्रत्येकात दहा द्रव्यं. त्यातल्या ‘हृद्य’ गणात आंबा, करवंद, डाळिंब, महाळुंग यांच्यासोबत वृक्षाम्ल येतं. अमरकोशात ते वनौषधिवर्गात नाहीच. ते वैश्यवर्गात, मिरी-जिऱ्याच्या शेजारी आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या जिनसांत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ते आम्रादिफलवर्गात, फळांमध्ये आहे. चरकाचा प्रश्न आहे ‘हे काय करतं?’, अमराचा ‘हे कुठल्या व्यवहारातलं?’, भावमिश्राचा ‘हे झाडाचं काय?’ आणि डायमॉकचा ‘हे कुठल्या कुळातलं?’ उत्तरं वेगळी आली, कारण प्रश्नच वेगळे होते.

यात नावांचा गुंताही आहे. अमरकोशात वृक्षाम्लाचा पर्याय म्हणून ‘तिंतिडीक’ येतं, आणि चिंचेला ‘तिंतिडी’ म्हटलंय. एका अक्षराचा फरक! कोकणाबाहेरच्या वैद्याने या शब्दावरून कुठलं आंबट फळ घेतलं असेल, हे नुसत्या नावावरून कसं ठरवणार?

आणि ‘हृद्य’? बरेच जण त्याचा अर्थ थेट ‘हृदयरोगावर गुणकारी’ असा लावतात आणि उंदरांवर प्रयोग सुरू करतात. पण त्या गणातली दहाही द्रव्यं बहुतेक आंबट फळं आहेत. ‘हृद्य’चा अर्थ मनाला रुचणारं असाही होतो. मग हा गण हृदयाच्या औषधांचा आहे, की तोंडाला चव आणणाऱ्या पदार्थांचा? या प्रश्नाला बगल देऊन निघालेलं गृहीतक पहिल्याच तोंडी परीक्षेत कोसळू शकतं, आणि तोवर तुमची दोन वर्षं गेलेली असतात.

लॅटिन नावालाही इतिहास आहे. भिरंडाचं पोर्तुगीज रूप ‘ब्रिंडाव’, आणि त्यावरून ‘ब्रिंडोनिया’ हे जुनं शास्त्रीय नाव. पुढे ही जात ‘गार्सिनिया’त गेली. ते नाव लिनीयसने लोरां गार्सां या निसर्गअभ्यासकावरून ठेवलं होतं. १५६३ साली गोव्यात ज्यांचा औषधींवरचा ग्रंथ छापला गेला, त्या गार्सिया द ओर्तांशी त्याचा संबंध नाही. नावं सारखी दिसतात म्हणून जोडून टाकायचा मोह इथेही होतो.

मग ‘फार्माकोग्राफिया’ वाचायचा की नाही? वाचायचाच. त्यातली बाजाराची आणि वर्णनाची माहिती पुरावा म्हणून घ्या. इतिहासाचा भाग मात्र वाट दाखवणारी पाटी समजा आणि मूळ ग्रंथापर्यंत स्वतः जा.

विषय पक्का करण्याआधी एक तक्ता करा. रकाने पाच : ग्रंथात आलेलं नाव, ग्रंथ आणि काळ, कुठल्या वर्गात ठेवलंय, झाडाचा कुठला भाग, आणि ही वनस्पती तीच असं कोण कशावरून म्हणतं. पाचवा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. बहुतेक वेळा तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच असतो. आणि प्रयोगासाठी बाजारातून सोलं आणणार असाल, तर ज्या झाडाचे रातांबे आहेत त्याची फांदी, पान, फूल वाळवून वनस्पतिसंग्रहात जमा करा आणि क्रमांक घ्या. शंभर वर्षांनी कप्पे पुन्हा बदलतील. नमुना जपलेला असेल, तर तुमचं काम तेव्हाही तपासता येईल.