पूर, पाठ आणि कणा

संकट आले म्हणजे माणसातील देव जागा होतो, असे एक वाक्य प्रत्येक महापुरानंतर आपल्या वाचनात येते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हाही ते लिहिले गेले असेल, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा तर आम्ही ते स्वतःच वाचले. हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते फार लवकर समाधान पावणारे आहे. खऱ्या वाङ्मयाला एवढ्यावर थांबता येत नाही. जागा झालेला तो देव कोणाला दिसला, कोणाला दिसला नाही आणि पाणी ओसरल्यावर त्याचे काय झाले, हे त्याला विचारावेच लागते. या दृष्टीने दोन कलाकृतींचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

पहिली, तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘वेळ्ळप्पोक्कत्तिल’, म्हणजे ‘महापुरात’, ही मलयाळम कथा. केरळात १९२४ साली जो प्रलय झाला तो मलयाळम शकाच्या १०९९ या वर्षात पडला, म्हणून तेथील वृद्ध त्यास नव्याण्णवचा पूर म्हणत. तकळी तेव्हा बारा वर्षांचे होते. कथेच्या आरंभी गावातील सर्वांत उंच जागा असलेल्या देवळात माणसे, कुत्री, मांजरे, शेळ्या, कोंबड्या असे सारे एकत्र राहात आहेत आणि कोठेही भांडण नाही. एखादा सामान्य लेखक येथेच कथा संपवून मानवतेचा जयजयकार करता. तकळी मात्र तेथून बाहेर पडतात. चेन्नन नावाचा गरीब मजूर बायकामुलांसह होडीत चढतो, मांजरही चढते, कुत्रा तेवढा छपरावर राहून जातो. कोणी निर्दय नसते. घाईत आठवण राहात नाही, इतकेच. तो कुत्रा धन्याचे बुडते घर चोरांपासून राखतो आणि शेवटी प्राणास मुकतो. पाणी उतरल्यावर चेन्नन त्याला शोधीत येतो, एक प्रेत पायाच्या अंगठ्याने उलटून पाहतो, आणि हा आपलाच का, हे त्याला निश्चित ओळखता येत नाही. सर्वांत मोठा त्याग ज्याने केला त्याला ओळखणारे कोणी उरले नाही! प्रेमाची होडी केवढीही मोठी असो, तिच्यातून कोणीतरी सुटतेच, हे सत्य तकळींनी एकाही उपदेशाच्या शब्दावाचून सांगितले आहे.

दुसरी कलाकृती आपल्या सर्वांच्या परिचयाची, कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता. ती संमेलनांतून इतक्या वेळा म्हटली जाते की तिच्यातील शेवटच्या आवेशापलीकडे आपले लक्ष जात नाही. आमच्या मते कवितेचा खरा मर्मबिंदू त्याच्या किंचित आधी आहे. पुरात सर्वस्व गेलेला जुना विद्यार्थी हकीकत सांगतो आणि ती ऐकून सरांचा हात खिशाकडे जातो. कवीने या हाताची थट्टा केलेली नाही. तो हात सज्जनाचाच आहे. परंतु आलेल्याला पैसे नको आहेत. एकटेपणा वाटला म्हणून तो आला आहे आणि पाठीवर हात मागतो आहे. देणे आणि जवळ असणे यांतील अंतर इतक्या थोडक्यात दाखविणारी दुसरी मराठी कविता आम्हांस आठवत नाही.

हे अंतर आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी कचेरीत अनुभवले. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात पुन्हा महापूर आला आणि चारशेंहून अधिक माणसे दगावली. एक दिवसाच्या पगाराची यादी टेबलावरून फिरली. आम्ही सही केली आणि कर्तव्यातून मुक्त झालो. शेजारच्याच टेबलावरील मलयाळी गृहस्थांचे घर पाण्यात होते. आठ दिवस आम्ही त्यांना एक शब्दही विचारला नाही! पुढच्याच वर्षी सांगलीला आमच्या घरी फोन लागेनासा झाला, तेव्हा हेच गृहस्थ दुपारी डबा घेऊन आले आणि काही न बोलता आमच्या शेजारी बसून राहिले. ‘कणा’ आम्हांस त्या दिवशी कळली.

२०१८ च्या त्याच पुरात समुद्रकाठचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आतल्या गावांत गेले. त्यांतील एक जण पाण्यात ओणवा झाला आणि स्त्रिया त्याच्या पाठीवर पाय देऊन होडीत चढल्या. ते दृश्य देशभर पाहिले गेले. आमच्या कवितेत पाठ हात मागते. तेथे पाठ स्वतःच पायरी झाली. परंतु तकळींचा वाचक येथेही विचारील की, समुद्रावर वादळ उठून हीच होडी परत येत नाही, तेव्हा तिची वाट पाहणाऱ्यांच्या पाठीवर कोणाचा हात असतो?

आपत्ती प्रेम निर्माण करीत नाही. ते होते किंवा नव्हते, एवढेच ती उघड करते. ते टिकविण्याचे काम पाणी ओसरल्यावरचे, आणि म्हणून अधिक कठीण आहे. मुलखापासून दूर नोकरी करणाऱ्या आपणांस ते कठीण काम करण्याची संधी रोज असते. कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या शेजारच्या टेबलावर कोणाचे तरी गाव दूर असते.